डब्याखालच्या बॅटरी पेटीचं वजन कमी करताना: हिशेब, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

मेट्रो आणि लोकलच्या डब्यांना सुटे भाग पुरवणारे कारखाने वजन कमी करण्याचे प्रस्ताव पाठवतात, तेव्हा बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘स्टीलऐवजी अॅल्युमिनियम वापरलं.’ गडबड तिथेच सुरू होते. धातू कोणता, हा या कामातला पाचवा प्रश्न आहे. तो पहिला सोडवला की बाकीचं सगळं डिझाइन त्या उत्तराभोवती ओढूनताणून बसवावं लागतं. मग पेटी हलकी होते खरी, पण खर्च भरून निघत नाही, किंवा व्हायब्रेशन टेबलावर वेल्ड तडकतो, किंवा सहा महिन्यांनी कारशेडवाले जुनीच पेटी परत मागतात.

खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतलं आहे: मेट्रोच्या डब्याच्या अंडरफ्रेमला लटकणारी बॅटरीची पेटी. बॅटरी ११० व्होल्टची, निकेल-कॅडमियम. पेटी माइल्ड स्टीलची, रिकामी १८० किलो. आतले सेल ७०० किलो. हे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तिथे तुमचे आकडे घाला. भाग वेगळा असला, सीटची फ्रेम असो की केबल ट्रे, तरी कामाचा क्रम हाच राहतो.

## सुरुवातीआधी: ड्रॉइंग कोणाचं आहे?

भारतीय रेल्वेच्या डब्यांच्या भागांची ड्रॉइंग आणि स्पेसिफिकेशन लखनौची आरडीएसओ (रेल्वेची संशोधन आणि मानक संस्था) किंवा चेन्नईच्या आयसीएफसारखा डबे बनवणारा कारखाना यांच्याकडे असतात. मेट्रोत ती बहुधा डबे पुरवणाऱ्या कंपनीकडे असतात. तुम्ही ‘बिल्ड टू प्रिंट’ पुरवठादार असाल, म्हणजे त्यांच्या ड्रॉइंगबरहुकूम माल बनवत असाल, तर पत्रा ३ मिमीऐवजी २.५ मिमीचा वापरणं ही सुधारणा ठरत नाही, माल रिजेक्ट व्हायचं कारण ठरते. त्यामुळे पहिलं पत्र ड्रॉइंगच्या मालकाला. बदल मागायची पद्धत कोणती, त्यासाठी कोणते पुरावे लागतील आणि नमुना गाडीला लावून बघायला मिळेल का, हे आधीच लेखी विचारा. पुढच्या सगळ्या टप्प्यांची कागदपत्रं या उत्तराप्रमाणे तयार करायची आहेत.

## टप्पा १: एक किलो कमी झाल्याची किंमत रुपयांत काढा

हा टप्पा जवळपास सगळेच गाळतात. ‘वजन कमी म्हणजे वीज कमी’ एवढ्यावर समाधान मानतात. वीज किती कमी, हे गाडी किती वेळा थांबते यावर ठरतं.

दोन किलोमीटरवर स्टेशन आणि मधला सर्वोच्च वेग ताशी ७० किमी, असं धरा. एक टन वस्तुमानाला त्या वेगापर्यंत न्यायला सुमारे ०.०५३ युनिट गतिज ऊर्जा लागते. मोटर आणि कन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, ब्रेक लावताना रीजनरेशनने ४० टक्के ऊर्जा परत आली असं मानलं आणि चाकांचा घर्षणरोध मिळवला, तर दर स्टेशनामागे दर टनाला ढोबळमानाने ०.०५ युनिट निव्वळ खर्च येतो.

दिवसाला २०० थांबे, वर्षाला ३३० दिवस: ६६,००० थांबे. म्हणजे एका टनामागे वर्षाला ३,३०० युनिट. युनिट ७ रुपये धरलं तर २३,१०० रुपये, म्हणजेच किलोमागे वर्षाला सुमारे २३ रुपये.

डबा ३० वर्षं चालणार म्हणून २३ ला ३० ने गुणून ६९० रुपये काढू नका. वीस वर्षांनी वाचणारा रुपया आजच्या रुपयाएवढा नसतो. ८ टक्के दराने आजची किंमत काढली तर हे ३० वर्षांचे २३ रुपये सुमारे २६० रुपये होतात. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. एक किलो उतरवण्यासाठी पेटीची किंमत २६० रुपयांहून जास्त वाढत असेल, तर निव्वळ विजेच्या हिशेबात हे काम तोट्याचं आहे.

चाकं, ब्रेक पॅड आणि रूळ यांची झीजही वजनाबरोबर कमी होते, पण ती किलोमागे रुपयांत मांडायला गाडी चालवणाऱ्याकडची आकडेवारी लागते. ती हातात नसेल तर प्रस्तावात मोघम टक्केवारी टाकू नका. एक गोष्ट मात्र नक्की विचारा. अनेक करारांत डब्याच्या रिकाम्या वजनाची हमी दिलेली असते आणि ती ओलांडली तर दंड असतो. डबा त्या मर्यादेच्या काठावर असेल तर एका किलोची किंमत २६० रुपयांच्या कितीतरी पुढे जाते.

हाच आकडा दुसऱ्या गाडीला लावू नका. मुंबई–दिल्ली राजधानी सुमारे १,३८० किमी धावते आणि मोजक्या ठिकाणी थांबते. तिची पुष्कळशी वीज हवेचा विरोध कापण्यात जाते, आणि हवेला डब्याच्या वजनाशी देणंघेणं नसतं. तिथे किलोमीटरमागे एका टनाची बचत मेट्रोच्या साधारण तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढीच येते. मालगाडीचा हिशेब आणखी वेगळा. बॉक्सएन या उघड्या वाघिणीचं रिकामं वजन २२.४७ टन आणि स्टेनलेस स्टीलच्या बॉक्सएनएचएलचं २०.६ टन. एक्सलवर येणाऱ्या भाराची मर्यादा ठरलेली असल्याने रिकाम्या वजनातून वाचलेला जवळजवळ प्रत्येक किलो मालाच्या रूपात भाडं मिळवून देतो. तिथे विजेपेक्षा भाड्याचं गणित मोठं.

तपासा: एका किलोची किंमत, धरलेले थांबे, वेग, विजेचा दर आणि रीजनरेशनची टक्केवारी एका पानावर आहेत का? उद्या कोणी ‘दर ९ रुपये आहे’ म्हणालं तर पाच मिनिटांत नवा आकडा काढता आला पाहिजे.

## टप्पा २: पेटी काट्यावर ठेवा

कॅडमधलं वजन खरं मानणं ही दुसरी हमखास चूक. मॉडेलमध्ये वेल्डचं मटेरियल नसतं, रंग नसतो, गॅस्केट नसतं. नटबोल्ट बहुतेकदा नसतात. पत्रा बनवणाऱ्या कारखान्याची जाडीत टॉलरन्स, म्हणजे मान्य तफावत, असते. शिवाय वेल्डिंगने वाकलेला पत्रा सपाट दिसावा म्हणून पेंटर त्यावर लांबी (पुट्टी) भरतो. दोन-तीन किलो लांबी खाल्लेल्या पेट्या कमी नाहीत, आणि ती कुठल्याच ड्रॉइंगवर दिसत नाही.

एकच पेटी मोजून थांबू नका. वेगवेगळ्या लॉटमधल्या निदान तीन मोजा. काटा कॅलिब्रेट केलेला हवा आणि पॅलेटचं वजन वजा केलेलं हवं. जमलं तर पेटी तीन लोडसेलवर (वजन मोजणाऱ्या सेन्सरवर) ठेवा, म्हणजे गुरुत्वमध्यही त्याच वेळी मिळतो. पुढे टप्पा ९ मध्ये तो लागणार आहे.

मग एक पेटी सुटी करा आणि गटवार वजन घ्या. आपल्या उदाहरणात असं निघालं असं समजू:

- पत्रा: ९६ किलो
- आतली चॅनेल-अँगलची फ्रेम: ४२ किलो
- लटकण्या आणि त्यांचे ब्रॅकेट: २२ किलो
- बिजागऱ्या, कड्या, सरकत्या ट्रेचे रोलर: १२ किलो
- नटबोल्ट, रंग, गॅस्केट: ८ किलो

या यादीमुळे कुठे हात घालायचा हे कळतं. नटबोल्टवर आठवडा घालवण्यात अर्थ नाही. पत्रा आणि फ्रेम मिळूनच १३८ किलो आहेत. जाता जाता एक सांगतो: खरा भार ७०० किलोच्या सेलचा आहे, आणि बॅटरीचा प्रकार बदलला तर पेटीपेक्षा कितीतरी मोठी बचत होईल. पण ती मंजुरी, ती सुरक्षा आणि तो चार्जर हा वेगळाच विषय आहे. पेटीच्या प्रस्तावात तो घुसवला की दोन्ही अडकतात.

## टप्पा ३: भार आणि अटी लिहून घ्या

पेटी कशासाठी मजबूत असायला हवी हे कागदावर नसेल तर पत्रा किती पातळ करायचा ते कळणारच नाही. जुना डिझायनर गेला, त्याने ३ मिमी का धरला हे कोणालाच माहीत नाही, आणि मग ‘थोडं कमी करून बघू’ सुरू होतं.

डब्याच्या बॉडीला लावलेल्या उपकरणांच्या जोडांसाठी ईएन १२६६३ या युरोपीय मानकात त्वरणं दिली आहेत. उभ्या दिशेत ती (१ ± सी) जी अशी आहेत; जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण. सी डब्याच्या टोकाला २ असतो आणि मध्यापर्यंत कमी होत ०.५ वर येतो. आपली भरलेली पेटी ८८० किलोची. ती डब्याच्या मधोमध लटकत असेल तर खाली ओढणारा भार सुमारे १,३२० किलो, आणि टोकाला असेल तर २,६४० किलो. पेटी तीच, भार दुप्पट. त्यामुळे पहिला प्रश्न असा: ती डब्यात नेमकी कुठे लटकते, आणि तीच पेटी दुसऱ्या प्रकारच्या डब्यात दुसऱ्या जागी लागते का? लागत असेल तर सगळ्यात वाईट जागा धरा. गाडीच्या दिशेतली आणि आडवी त्वरणं वाहनाच्या वर्गानुसार बदलतात. तो वर्ग करारातून उचला, अंदाजाने नको.

याखेरीज ज्या अटींवर पेट्या प्रत्यक्षात नापास होतात त्या अशा:

- रुळांमधली खडी उडून तळाला आणि समोरच्या बाजूला लागते.
- पावसाळ्यात पेटीवर पाण्याचा मारा होतो. पाणी आत जाता कामा नये, आणि गेलंच तर बाहेर पडायला वाट हवी.
- चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो. वायुवीजनाच्या जाळ्या वजन वाचवण्यासाठी किंवा ताठरपणा वाढवण्यासाठी लहान करता येत नाहीत.
- सेल ट्रेवर पूर्ण बाहेर ओढले की सगळा भार कडेला येतो.
- कामगार उघड्या दारावर पाय देतो. देऊ नये, पण देतो.

इशारा: लटकत्या पेटीला मुख्य बोल्ट तुटले तरी ती रुळावर पडू नये म्हणून सेफ्टी लूप किंवा दुसरा आधार असतो. वजनाच्या यादीतून तो पहिल्याच दिवशी बाजूला काढा. त्याला हात लावायचा नाही.

## टप्पा ४: आधी काढा, मग वळवा, पातळ शेवटी करा

धातू न बदलता सगळ्यात जास्त वजन इथे उतरतं, आणि क्रम इथेच सगळ्यात जास्त चुकतो. लोक थेट पातळ करायला जातात.

काढा. जुन्या पेटीत मागच्या मॉडेलचे ब्रॅकेट उरलेले असतात, दोन ठिकाणी पॅच प्लेट असते, आणि कुठल्याशा तक्रारीनंतर ‘सेफ साइड’ला लावलेली गसेट (कोपऱ्याला बळ देणारी पट्टी) असते. प्रत्येक तुकड्यावर बोट ठेवून ‘हा काय करतो?’ विचारा. उत्तर मिळालं नाही तर ड्रॉइंगची जुनी रिव्हिजन आणि त्या काळातली तक्रारींची फाइल बघा. काही गसेट खरोखरच तडा गेल्यावर लावलेली असतात. ती काढलीत तर तडा परत येईल. आपल्या उदाहरणात या कामातून ११ किलो गेले असं धरू.

वळवा. पत्र्याच्या कडांना सीएनसी प्रेसब्रेकवर घडी घातली की ती घडीच फ्रेमचं काम करते. मग आतला अँगल वेगळा वेल्ड करायची गरज बऱ्याच ठिकाणी उरत नाही. वेल्ड कमी, वाकणं कमी, लांबी कमी; आणि वेळही वाचतो, म्हणजे किंमत वाढण्याऐवजी कमी होते. फ्रेम ४२ वरून २८ वर आली: १४ किलो.

पातळ करा. सपाट पत्र्याचा वाकण्याला असलेला ताठरपणा जाडीच्या घनाबरोबर बदलतो. ३ मिमीचा २ मिमी केला की ताठरपणा ३० टक्क्यांवर येतो, वजन मात्र ६७ टक्क्यांवरच. म्हणून नुसता पातळ सपाट पत्रा लावला की दार पत्र्याच्या डब्यासारखं थडथडतं. आधी त्यात बीड, म्हणजे उठावदार लांब पट्टे, दाबा किंवा उथळ नक्षीसारखे खाचे काढा, मग जाडी उतरवा. समजा, ९६ किलोपैकी बाजू, पाठ आणि दारं मिळून ६० किलो आहेत. ती बीडसह २ मिमीची केली: २० किलो कमी. तळाचा पत्रा ३ मिमीच ठेवला, कारण खडी तिथे लागते आणि सेल त्याच्यावर बसतात.

एकूण ४५ किलो. पेटी १८० वरून १३५ वर आली, २५ टक्के उतरली, आणि धातू अजून तोच आहे.

आता टप्पा १ चा आकडा लावा: ४५ गुणिले २३ म्हणजे एका पेटीमागे वर्षाला १,०३५ रुपये. आकडा लहान वाटतो, आणि तो लहानच आहे. म्हणूनच उत्पादनाचा खर्च वाढवून वजन उतरवणं बहुतेक भागांत परवडत नाही. खर्चही उतरेल असे बदल आधी संपवायचे असतात.

इशारा: पेटी २५ टक्के हलकी झाली म्हणून लटकण्या २५ टक्के बारीक करू नका. त्यांच्यावरचा भार ८८० वरून ८३५ किलोवर आला आहे, म्हणजे जेमतेम ५ टक्के. लटकण्या आहेत तशा ठेवा. २२ किलोंच्या मोहापायी ८३५ किलोची वस्तू रुळावर पाडण्याचा धोका कोणी घेऊ नये.

## टप्पा ५: आता धातू

अॅल्युमिनियमची घनता २.७ आणि स्टीलची ७.८५, म्हणून पेटीचं वजन एकतृतीयांश होईल, असं कॅटलॉग वाचून वाटतं. होत नाही. अॅल्युमिनियमचा लवचिकता गुणांक ७० गिगापास्कल आणि स्टीलचा २१०. घनता जितक्या पटीत कमी, ताठरपणाही जवळपास तितक्याच पटीत कमी. सरळ ओढ किंवा दाब घेणाऱ्या भागात तेवढाच ताठरपणा राखायचा तर वजनात जवळपास काहीच फायदा नाही. वाकणाऱ्या सपाट पत्र्यात मात्र फायदा आहे: जाडी १.४४ पट करावी लागते आणि वजन निम्म्यावर येतं. २ मिमी स्टीलच्या जागी सुमारे २.९ मिमी अॅल्युमिनियम.

वेल्डिंग केलं की दुसरी अडचण येते. ६०८२-टी६ या मिश्रधातूची वेल्डजवळच्या पट्ट्यातली मजबुती मूळच्या निम्म्यावर येते. डिझाइनला तिथे १२५ मेगापास्कल धरायचे असतात. फटीगला, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या ताणाने होणाऱ्या थकव्याला, वेल्ड केलेलं अॅल्युमिनियम वेल्ड केलेल्या स्टीलच्या साधारण एकतृतीयांश ताणच सोसतं. डबा आयुष्यभर हादरत राहणार, त्यामुळे हा मुद्दा सगळ्यात जड आहे.

आणि आपल्या पेटीत याहून मोठा अडथळा आहे. निकेल-कॅडमियम सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण असतं. ते अल्कली अॅल्युमिनियमला खातं आणि त्यातून हायड्रोजन बाहेर पडतो. सेल भरताना, टॉप-अप करताना किंवा एखादा सेल गळला तर ते ट्रेवर सांडतंच. म्हणजे आत अस्तर न देता अॅल्युमिनियमची पेटी केली तर धातूही जाईल आणि बंद पेटीत ज्वलनशील वायूची भर पडेल. ‘स्टीलऐवजी अॅल्युमिनियम’ हे पहिलं वाक्य लिहिणाऱ्याला हे बहुधा चाचणीनंतर कळतं.

इथे माझी पसंती पातळ स्टेनलेसला: ३०४ किंवा ३०१ एल. घनता माइल्ड स्टीलएवढीच, पण गंजासाठी ठेवलेली जादा जाडी लागत नाही, रंग आणि लांबी बरीचशी जाते, अल्कलीला टिकतं. बाजूचे पत्रे बीडसह १.५ मिमीपर्यंत जाऊ शकतात. किलोचा भाव मात्र जास्त, म्हणून २६० रुपयांच्या आकड्याशी ताडून बघा. आपल्या उदाहरणात ६० चे ४० झालेले पत्रे आता ३० किलोवर येतील, म्हणजे आणखी १० किलो. त्यासाठी पेटीमागे २,६०० रुपयांहून जास्त खर्च वाढत असेल तर गंजाची दुरुस्ती आणि रंगकाम वाचल्याचा हिशेब दाखवता आला पाहिजे. नाहीतर माइल्ड स्टीलवरच थांबा.

फायबरची दारं सुचवणारा कोणीतरी भेटतोच. वजनाच्या दृष्टीने ती चांगली असतात. पण आगीच्या मानकाचा, मेट्रोत बहुतेकदा ईएन ४५५४५ चा, दाखला राळ, गोंद आणि रंग यांच्या त्याच जोडणीचा हवा. राळ पुरवणाऱ्याचं सर्टिफिकेट तयार दाराला लागू होत नाही. डब्यातल्या पार्टिशनचं वजन उतरवत असाल तर आणखी एक: पॅनेलचं वजन निम्मं केलं की आवाज अडवण्याची क्षमता सुमारे ६ डेसिबलने घटते. प्रवाशाला तो फरक ऐकू येतो.

## टप्पा ६: जोड

पेट्या क्वचितच पत्र्यात फाटतात. फाटतात जोडापाशी.

- वेल्डची सुरुवात आणि शेवट कोपऱ्यावर ठेवू नका. कोपऱ्यावरून वळवून पुढे न्या.
- १.५ मिमी पत्र्यात थेट आटे पाडू नका. रिव्हेट नट किंवा वेल्ड नट वापरा, आणि टॉर्क (बोल्ट आवळायचा जोर) नव्याने ठरवा. जुना टॉर्क तसाच ठेवला की पत्रा चेपतो आणि बोल्ट ढिला होतो.
- दोन वेगळे धातू जिथे भिडतात तिथे मधे नायलॉनचा किंवा तसाच विद्युतरोधक थर आणि वायसर हवेत. पुणे मेट्रोच्या डब्यांची बॉडी अॅल्युमिनियमची आहे, मुंबईच्या मेट्रो २अ आणि ७ च्या डब्यांची स्टेनलेस स्टीलची. एकच लटकणी दोन्हीकडे चालेल असं गृहीत धरू नका. समुद्राच्या खाऱ्या हवेत हा गंज फार वेगाने धावतो.
- अर्थिंगची पट्टी या विद्युतरोधक थराला वळसा घालून जोडलेली आहे का ते बघा. धातू वेगळे केले आणि अर्थिंग तुटलं, ही चूक नेहमीची.

वेल्डिंग ईएन १५०८५ या रेल्वे वेल्डिंगच्या मानकाखाली करायचं असेल तर धातू किंवा जाडी बदलल्यावर वेल्डरची आणि पद्धतीची जुनी पात्रता लागू राहते का ते वेल्डिंग कोऑर्डिनेटरकडून लेखी घ्या. ३ मिमीवर पास झालेला वेल्डर १.५ मिमीवर भोक पाडू शकतो.

## टप्पा ७: संगणकावरचं गणित

एफईए, म्हणजे पेटीचे बारीक तुकडे पाडून ताण काढणारं गणित, कुठल्याही सॉफ्टवेअरवर करा. चुका त्याच असतात. बोल्टच्या भोकाची सगळी कड पक्की धरली की पेटी प्रत्यक्षापेक्षा ताठर दिसते. सेलचं ७०० किलो वजन तळाच्या मध्यबिंदूवर टाकलं की ताण भलत्याच ठिकाणी दिसतो. ते ट्रेच्या रोलरवरून खाली गेलं पाहिजे.

तपासा: १ जी भार लावा आणि सगळ्या आधारांची उभी प्रतिक्रिया जोडा. बेरीज काट्यावरच्या भरलेल्या पेटीएवढी आली नाही तर पुढचा एकही रंगीत नकाशा बघू नका.

ताणाच्या मर्यादेत बसलं म्हणून खूश होऊ नका. वेल्डमधला ताण २६ टक्के वाढला की फटीगचं आयुष्य साधारण निम्मं होतं, कारण ते ताणाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात जातं. म्हणून जुन्या आणि नव्या पेटीचे त्याच वेल्डमधले ताण शेजारी शेजारी ठेवा. जुनी पेटी किती वर्षं न तडकता चालली हा तुमच्याकडचा सगळ्यात भरवशाचा पुरावा आहे.

नैसर्गिक वारंवारताही बघा. डब्याच्या बॉडीची पहिली वाकण्याची वारंवारता साधारण ८ ते १० हर्ट्झच्या आसपास असते. भरलेली पेटी तिच्यापासून बरीच दूर हवी. नेमका आकडा डबा बनवणाऱ्याकडून मागून घ्या.

## टप्पा ८: नमुना आणि चाचणी

नमुना त्याच कामगारांकडून, त्याच फिक्स्चरवर बनवा. टूलरूममधल्या कसबी माणसाने निवांत बनवलेला नमुना चाचणी पास होतो आणि लॉटमधला माल होत नाही.

रंग लागल्यावर आधी काट्यावर. कागदावर १३५ आणि काट्यावर १४३ आले तर ८ किलो कुठून आले ते शोधल्याशिवाय चाचणीला पाठवू नका.

व्हायब्रेशन आणि शॉक चाचणी आयईसी ६१३७३ या मानकाप्रमाणे. अंडरफ्रेमला थेट लटकणारी पेटी वर्ग १, श्रेणी ए मध्ये येते. पेटीच्या आत बसणारी वस्तू श्रेणी बी मध्ये. बोगीवर (डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यावर) बसणारा भाग वर्ग २ आणि एक्सलवरचा वर्ग ३ मध्ये येतो, आणि त्यांचे शॉक कितीतरी तीव्र असतात. वर्ग १ ला आडवा आणि उभा शॉक ३० मी/से², गाडीच्या दिशेत ५०. वर्ग २ ला उभा ३००. दीर्घ आयुष्याची चाचणी प्रत्येक अक्षात पाच तास. प्रयोगशाळेला वर्ग कळवताना चूक झाली तर पैसे आणि नमुना दोन्ही गेले.

इशारा: रिकामी पेटी टेबलावर चढवू नका. सेलऐवजी त्याच वजनाचे, त्याच गुरुत्वमध्याचे डमी ठोकळे ट्रेवर ठेवा. आणि ज्या फिक्स्चरवर पेटी टांगायची त्याचीच थरथर आधी मोजून घ्या.

चाचणीनंतर वेल्डवर डाय-पेनेट्रंट (रंगीत द्रवाने बारीक तडे दाखवणारी) तपासणी करा. डोळ्यांनी बघून ‘ओके’ लिहू नका. मग पाण्याची चाचणी घ्या. हादऱ्यांनंतर गॅस्केट बसतं की नाही ते तेव्हाच कळतं.

## टप्पा ९: डब्यावर काय परिणाम होतो ते मालकाला कळवा

एका पेटीच्या ४५ किलोंनी डबा हलत नाही. पण तुमच्यासारखे दहा पुरवठादार एकाच वेळी काम करत असतात. पेटी एका बाजूला लटकते. समोरच्या बाजूची कॉम्प्रेसरची पेटी जुनीच राहिली तर डावी-उजवीकडचा तोल सरकतो आणि चाकांवरचे भार बदलतात. म्हणून नवं वजन आणि नवा गुरुत्वमध्य, दोन्ही मोजलेले, ड्रॉइंगच्या मालकाला द्या. कॉइल स्प्रिंगच्या डब्यांत एकूण वजन उतरलं की डबा वर उठतो, आणि ब्रॉडगेजवर कपलरची (डबे जोडणाऱ्या आकड्याची) उंची १,०३० ते १,१०५ मिमीमध्ये राहावी लागते. एअर स्प्रिंगच्या डब्यांत लेव्हलिंग व्हॉल्व्ह उंची सांभाळतो. हे हिशेब मालकाचे आहेत. खरे आकडे देणं तुमचं काम.

## टप्पा १०: कारशेडमध्ये

पातळ पत्र्याच्या पेटीला फोर्कलिफ्टचे काटे कुठेही लावता येत नाहीत. उचलण्याच्या जागा पेटीवरच ठळक रंगवा. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं पिटमध्ये उभ्या असलेल्या फिटरपर्यंत पोचत नाही. नवा टॉर्क दाराच्या आतल्या बाजूला स्टिकरवर द्या. पहिल्या काही महिन्यांत लटकण्यांचे बोल्ट आणि ट्रेचे वेल्ड प्रत्येक शेड्युलला बघितले जावेत, अशी तपासणी यादी शेडच्या सीनियर सेक्शन इंजिनिअरकडे स्वतः नेऊन द्या.

जुन्या आणि नव्या पेट्या काही वर्षं एकाच ताफ्यात फिरणार. दारं मापाने सारखी असतील तर ती अदलाबदल होणारच: जुनं ३ मिमीचं दार नव्या पातळ बिजागरीवर बसेल आणि बिजागरी वाकेल. एक तर बिजागरीच्या भोकांचं अंतर बदलून चुकीचं दार बसणारच नाही असं करा, किंवा बिजागऱ्या जुन्याच ठेवा. त्यांच्यात फार तर किलोभर वाचतो. मी असतो तर जुन्याच ठेवल्या असत्या.